पिवळ्या ऑक्टाव्हिया आरएसचा गिअरबॉक्स : प्रकल्प नोंदी

गाडी : स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २००४, १.८ लिटर टर्बो पेट्रोल
गिअरबॉक्स : फोक्सवॅगन गटाचा ०२जे, पाच गिअर
काम : पूर्ण उघडून, झिजलेलं बदलून पुन्हा बांधणे
ठिकाण : कोल्हापूर

५ जानेवारी २०२५

गाडी काल संध्याकाळी आली. मालक छत्रपती संभाजीनगरचे डॉक्टर. दुसरा गिअर जमेल तिथं टाळत स्वतः चालवत घेऊन आले. तक्रारी तीन. सकाळी गार असताना दुसरा पडताना खरखर होते, आणि गरम झाल्यावरही तिसऱ्यावरून दुसऱ्यात येताना अडतो. दुसरी तक्रार घोंघावण्याची, वेगाबरोबर वाढणारी नि उतरणारी. तिसरी म्हणजे अवघड वळणावर अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की खालून 'टक्' असा आवाज. मला पहिल्या दोनपेक्षा या तिसरीची काळजी जास्त आहे.

स्कोडानं भारतात २००१ मध्ये सुरुवात केली ती ऑक्टाव्हियापासूनच, शेंद्र्याच्या कारखान्यात. आरएस, म्हणजे तिची जोरकस आवृत्ती, २००४ मध्ये आली. युरोपात १८० हॉर्सपॉवरची होती, आपल्याकडे १५० ची दिली. तरीही एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, १७५० आरपीएमपासूनच हाताशी येणारा २१० न्यूटन-मीटर टॉर्क, मागे भलीमोठी डिकी आणि घाटात न दमणारी चाल. घरची गाडी आणि जोरकस गाडी एकाच छताखाली, असं त्या काळात फारसं मिळत नव्हतं. या गाड्यांची इंजिनं अजून ठणठणीत आहेत. उभ्या राहतात त्या 'पार्ट येत नाही' या तीन शब्दांमुळे. चांगलं इंजिन असलेली गाडी गिअरबॉक्सपायी भंगारात जाऊ नये, म्हणून हे काम घेतलंय. नोंदी ठेवतोय कारण पुढच्या माणसाला हे सगळं पहिल्यापासून शोधत बसावं लागू नये.

८ जानेवारी

आधी तेल काढून बघितलं. या बॉक्सला साधारण दोन लिटर, ७५डब्ल्यू-९० (हा दाटपणाचा आकडा) सिंथेटिक, जीएल-४ दर्जाचं (हा आतल्या रसायनांचा वर्ग) तेल लागतं. निघालं ते दाट, काळपट आणि गंधकाचा उग्र वास असलेलं. जीपला किंवा ट्रकच्या मागच्या एक्सलला घालतात तसलं, जीएल-५ वर्गातलं. मागं कुणीतरी हाताशी होतं ते ओतलेलं.

यानं दोन गोष्टी होतात. एक, दाट तेल गार असताना सिंक्रोच्या, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या यंत्रणेच्या, रिंगखालून लवकर बाजूला होत नाही. दोन, जीएल-५ मधली रसायनं दाताला दात घासू नये म्हणून घातलेली असतात, पण सिंक्रोला घर्षणच हवं असतं. शिवाय पितळेला ती मानवत नाहीत. तेलात पितळी चमक भरपूर होती. चुंबकाला लोखंडाची बारीक पूड लागली, आणि दोन कण नखाला बोचतील एवढे मोठे निघाले. ते डबीत ठेवलेत.

नुसतं तेल बदलून बघा असं काही जण सुचवतील. पहिल्या पायरीला ते योग्यच असतं. पण बोचणारे कण निघाल्यावर बॉक्स बंद ठेवणं मला पटत नाही.

१२ जानेवारी

बॉक्स उतरवला. बॅटरी नि तिचा ट्रे, सिलेक्टरच्या दोन केबल, स्टार्टर, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, खालचा पेंड्युलम माउंट, मग इंजिनला वरून आधार देऊन डावा माउंट. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर या बॉक्सला बाहेरून असतो. पाइप न उघडता तो तारेनं बाजूला बांधून ठेवला आणि पेडलखाली लाकडाचा ठोकळा दिला, म्हणजे कुणी चुकून पाय दिला तरी पिस्टन बाहेर पडायचा नाही.

ड्राइव्ह शाफ्टच्या फ्लँजचे बोल्ट बारा टोकांच्या बिटचे आहेत. त्यात एलन की बसल्यासारखी वाटते, पण जोर दिला की बोल्टचं डोकं गोल होतं. आधी खळगीतली माती टोकदार हत्यारानं उकरून काढायची, बिट हातोडीनं शेवटपर्यंत बसवायचा, मगच जोर लावायचा. गाडीखाली यातच सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा.

क्लच प्लेट अजून चालेल अशी आहे. ड्युअल मास फ्लायव्हीलची ढिलाई मर्यादेत. रिलीज बेअरिंग मात्र कोरडं, ते बदलणार.

१५ जानेवारी

आज उघडला. पाचवा गिअर मुख्य हाउसिंगच्या बाहेर, टोकाच्या पत्र्याच्या झाकणाखाली आहे. झाकण काढायचं, मग पाचवा आणि पहिला असे दोन गिअर एकदम पाडायचे. दोन्ही शाफ्ट जागच्या जागी जाम होतात आणि पाचव्याचे बोल्ट सुटतात. सिलेक्टरचा बुरूज, रिव्हर्सच्या शाफ्टचा आधार-बोल्ट, एका बाजूचा फ्लँज, हे सगळं निघाल्याशिवाय हाउसिंगला हात लावायचा नाही. अडलेलं हाउसिंग स्क्रूड्रायव्हरनं फाकवलं की बसण्याची पातळी बिघडते आणि पुढं आयुष्यभर तेल गळतं.

सापडलं ते असं :

दुसऱ्याची सिंक्रो रिंग कोनावर हातानं दाबून मधली फट फिलर गेजनं मोजली. कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तकातली झीज-मर्यादा ०.५ मिमी, फट त्याखाली गेली की रिंग संपली. इथं ती ओलांडून रिंग जवळजवळ टेकलेली. पहिल्याची मर्यादेच्या थोडी वर. तिसऱ्या-चौथ्याच्या चांगल्या.

दुसऱ्या गिअरचे बाजूचे छोटे दात, म्हणजे स्लीव्ह (गिअर पाडताना सरकणारी कडी) ज्यात शिरते ते, टोकाला बोथट. काहींची टोकं उडालेली. डबीतले कण तिथलेच.

आउटपुट शाफ्टच्या (इंजिनकडून जोर घेतो तो इनपुट, पुढं चाकांकडं देतो तो आउटपुट) निमुळत्या रोलर बेअरिंगच्या बाहेरच्या वाटीवर खड्डे. घोंघावणं हेच.

आणि डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग. या बॉक्सचं मोठं गिअरचाक, आपण क्राउन म्हणतो ते, डिफरन्शियलच्या पेटीला रिव्हेटनं जोडलेलं असतं. ०२जे ची ही सर्वांना माहीत असलेली कमजोरी आहे. जोरकस इंजिन, मध्येच पकड सुटून पुन्हा बसणारी चाकं, आणि वर्षं. रिव्हेट सैल होतो, डोकं बाहेर सरकतं आणि फिरता फिरता हाउसिंगला आतून भोक पाडतं. या पेटीवर एका रिव्हेटभोवती तांबूस-तपकिरी पूड जमलेली होती, आणि क्राउन हातानं हलवला की तिथं तेलाचा बुडबुडा येत होता. 'टक्' तिथून येत होतं. डॉक्टरांना लगेच फोन केला. गाडी आणखी वर्षभर पळवली असती तर हाउसिंगच वाचलं नसतं.

दात मोजून वहीत लिहिले, आधी फिरवल्या जाणाऱ्या चाकाचे, मग फिरवणाऱ्याचे. शेवटची जोडी म्हणजे क्राउन आणि त्याला फिरवणारं छोटं पिनियन. पहिला ३३:१०, दुसरा ३५:१८, पाचवा ३६:४३, शेवटची जोडी ६३:१६. या आकड्यांशिवाय पुढचा एकही पार्ट शोधू नये.

१९ जानेवारी

यादी घेऊन अधिकृत सेवा केंद्रात जाऊन आलो. उत्तर अपेक्षित होतं : सील मिळतील, रिलीज बेअरिंग मिळेल, सिंक्रो रिंग बंद, दुसरा गिअर बंद. काउंटरवरच्या मुलानं मनापासून शोधलं, त्याच्यापुढच्या पडद्यावर जे नाही ते तो कुठून आणणार.

इथं फोक्सवॅगन गटाच्या पार्ट नंबरची रचना उपयोगी पडते. पहिली तीन अक्षरं पार्ट मुळात कशासाठी तयार झाला ते सांगतात. मधल्या तीन आकड्यांतला पहिला ३ म्हणजे गिअरबॉक्सचा विभाग. ३११ असेल तर गिअर, शाफ्ट, सिंक्रो. ४०९ असेल तर डिफरन्शियल. शेवटचं अक्षर सुधारित आवृत्तीचं. या गाडीचे बरेच नंबर ०२जे नं नाही तर ०२ए नं सुरू होतात, कारण ०२जे हा त्याच्या आधीच्या ०२ए बॉक्सवर बेतलेला आहे. म्हणजे 'ऑक्टाव्हिया आरएस' असं नाव टाकून शोधलं की काही सापडत नाही, आणि नंबरनं शोधलं की चौथ्या पिढीची गोल्फ, ऑडी टीटी, बीटल, सीट कंपनीची लिओन या सगळ्यांची दारं उघडतात. बॉक्स तोच.

जपानी कंपन्यांनी जुन्या गाड्यांसाठी पार्ट पुन्हा बनवायला घेतले. निस्साननं २०१७ मध्ये आर३२ स्कायलाइन जीटी-आरपासून सुरुवात केली, माझदानं त्याच सुमारास पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी, टोयोटानं २०२० मध्ये ए७० आणि ए८० सुप्रासाठी. आपल्याकडच्या थोडक्या आरएससाठी कुणी साचे काढणार नाही. पण आपल्याकडे दुसरी एक सोय आहे : १.९ टीडीआय डिझेल ऑक्टाव्हिया. त्या इथं भरपूर विकल्या गेल्या, टॅक्सीतही खूप चालल्या, आणि त्यांच्यातही ०२जे च आहे.

२७ जानेवारी

कुर्ल्याला सीएसटी रोडवर. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार म्हणून हा रस्ता सगळ्या मिस्त्री लोकांना माहीत आहे. ऑक्टाव्हियाचे बॉक्स एका दुकानात एकावर एक रचलेले. दुकानदार म्हणाला, "दादा, सगळे सेम आहेत, कुठलाही घ्या." सेम नसतात. प्रत्येकाच्या हाउसिंगवर तीन अक्षरांचा कोड आणि तारीख कोरलेली असते. कोड बदलला की आतले दात बदलले.

घेताना बघायचं ते : इनपुट शाफ्ट हातानं फिरवून सगळे गिअर पाडून बघणे, फ्लँज धरून वरखाली ढिलाई बघणे, तेलाचा बोल्ट उघडून बोट घालून वास नि चमक बघणे. कोरडा बॉक्स घेऊ नये. पावसात उघड्या पडलेल्या बॉक्समध्ये वरच्या बेअरिंगला गंज चढलेला असतो आणि तो बाहेरून कळत नाही. एक डिझेल बॉक्स निवडला, तेल अजून सोनेरी. भावाची घासाघीस झाली, पण त्यानं बॉक्स उघडून दाखवायला नकार दिला नाही, हे महत्त्वाचं.

२ फेब्रुवारी

डिझेलचा बॉक्स उघडून दोन्ही शेजारी मांडले. गॅरेजातल्या पोरानं टेबलावर पांढरा कागद अंथरून प्रत्येक भागाखाली नाव लिहिलं. हे काम मी त्याच्याकडून मुद्दाम करून घेतो.

डिझेलचे दात : पहिला ३४:९, दुसरा ३६:१७, पाचवा ३४:४५, शेवटची जोडी ६१:१८.

आता बेरजा बघा. पेट्रोलच्या पहिल्याची ३३ अधिक १० म्हणजे ४३. डिझेलची ३४ अधिक ९, पुन्हा ४३. दुसऱ्याची दोन्हीकडं ५३. पाचव्याची दोन्हीकडं ७९. दोन शाफ्टमधलं अंतर एकच, म्हणून बेरीज एकच. कागदावर हे माहीत असणं वेगळं आणि स्वतः दात मोजून बेरीज जुळलेली बघणं वेगळं. पोराला हे समजल्यावर त्यानं तिसऱ्या-चौथ्याचेही मोजून काढले, सांगावं लागलं नाही.

यातून कळतं की काय घेता येईल. पहिल्या-दुसऱ्याची फिरती चाकं आउटपुट शाफ्टवर सुटी असतात, पण त्यांच्या जोडीदारांचे दात इनपुट शाफ्टवरच कापलेले असतात. म्हणून डिझेलचं ३६ दाती चाक आपल्या १८ दातांवर चालणार नाही. दुसरा गिअर पेट्रोल बॉक्सचाच, ३५ दातांचाच लागणार. तसंच १८ दातांचं छोटं पिनियन आउटपुट शाफ्टचाच भाग आहे, त्यामुळं क्राउन एकटा उचलता येत नाही. शिवाय ३.३९ ची डिझेलची शेवटची जोडी ३.९४ च्या जागी टाकली तर गाडीची धाव मरते.

पण सिंक्रोचे हब (शाफ्टवर बसणारा, ज्यावर स्लीव्ह सरकते तो भाग), स्लीव्ह आणि रिंग मापानं जुळल्या. व्हर्नियरनं व्यास, कोनावर बसवून फट, स्लीव्हच्या आतल्या दातांची संख्या, सगळं तपासलं. पहिल्या-दुसऱ्याच्या रिंग दोन्ही बॉक्समध्ये आतली, मधली, बाहेरची अशा थरांच्या आहेत, आणि डिझेलच्या जवळजवळ नव्या. डिझेल चालवणारे हळू गिअर बदलतात, त्याचा हा फायदा.

पोरानं विचारलं, सिंक्रो नक्की करतो काय. धावत्या एसटीत चढायचं तर आधी तिच्याबरोबर पळावं लागतं, तसं स्लीव्ह दातांत शिरायच्या आधी रिंग चाकाला शाफ्टच्या वेगावर आणते. वेग जुळेपर्यंत रिंगचेच दात वाट अडवून धरतात. रिंग झिजली की ती अडवत नाही, आणि खरखर होते ती यामुळं.

९ फेब्रुवारी

३५ दाती चाकाचा शोध. इथं मिळालं नाही. जर्मनीतल्या एका जुना साठा ठेवणाऱ्या दुकानात नव्या, पेटीबंद अवस्थेत सापडलं. मागवण्याआधी फोटो मागितला, दात त्या फोटोवर मोजले, मग पैसे पाठवले.

परदेशातून मागवताना लक्षात ठेवायच्या गोष्टी. वापरलेले भाग परवान्याशिवाय आयात करता येत नाहीत, म्हणून स्वस्तात दिसणारा उघडून ठेवलेला बॉक्स बघून मोहात पडू नये. बिलावर 'नवा' असं स्पष्ट लिहून घ्यावं. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात गिअरबॉक्स आणि त्याचे भाग ८७०८ ४० खाली येतात, हा आकडा पाठवणाऱ्याकडून बिलावर टाकून घेतला की कुरिअरचे फोन कमी येतात. शुल्क आणि जीएसटी धरून किंमत डॉक्टरांना आधीच सांगितली. ते म्हणाले, "घ्या. ही गाडी मुलीला द्यायची आहे."

१७ फेब्रुवारी

बेअरिंगसाठी परदेशात जायची गरज नाही, हे ठासून लिहितो. निमुळत्या रोलर बेअरिंगच्या कडेवर बनवणाऱ्याचा नंबर कोरलेला असतो. तो पुसला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि उंची मोजून बेअरिंगच्या घाऊक दुकानात जावं. मोटारीच्या नावाचं बेअरिंग मागितलं की 'येत नाही'. मापानं मागितलं की शेल्फवरून खाली येतं. जगातल्या मोठ्या बेअरिंग कंपन्यांचे कारखाने आपल्याच देशात आहेत, एसकेएफचा तर चिंचवडला. आउटपुट शाफ्टची दोन आणि डिफरन्शियलची दोन, अशी जोडीनं घेतली. सीलही असेच, व्यासावरून.

सिलेक्टरच्या केबलला जो आडवा लिव्हर असतो, त्याची प्लास्टिकची बुश फुटलेली होती. गिअरचा दांडा ढिला लागत होता तो त्यामुळं. शिवाजी उद्यमनगरात नानांकडं गेलो. नानांचा लेथ माझ्या वयापेक्षा जुना आहे. मी कागदावर माप काढून दिलं. त्यांनी कागद बाजूला ठेवला, लिव्हर हातात घेतला, पिन घालून बघितली.

"पितळ घालू का गनमेटल?"

"तुम्ही सांगा नाना."

"गनमेटल. आन् तेलाला एक चर पाडतो. न्हाईतर चार म्हैन्यात परत येशील."

चर माझ्या चित्रात नव्हती. कोल्हापुरात ओतकाम नि यंत्रकामाची जी पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे, तिचा खरा अर्थ अशा वेळी कळतो. महानगरात हीच बुश महिनाभर शोधत बसतात लोक.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. दुकान बंद. कुरिअर मात्र आलं. चाक निर्दोष. दात पुन्हा मोजले, ३५.

५ मार्च

डिफरन्शियल. रिव्हेटची डोकी ड्रिलनं उडवायची, पण पेटीच्या भोकाला धक्का लागता कामा नये. आधी मध्यबिंदू पंचनं पक्का, मग लहान ड्रिल, मग मोठं, मग प्रेसवर रिव्हेट मागं ढकलायचे. सैल झालेला तो एक नुसत्या दाबानं निघाला. त्याचं भोक किंचित लंबगोल झालं होतं. रीमरनं सगळी भोकं एकसारखी केली, नानांनी त्या मापाचे डोवेल अंगाचे, म्हणजे भोकात घट्ट बसणारे, बोल्ट ग्राइंड करून दिले. ज्यांतून ते केले ते बोल्ट १२.९ या मजबुतीच्या वरच्या दर्जाचे. बाजारात १२.९ लिहिलेले खोटे बोल्ट खूप आहेत, त्यामुळं नावाजलेल्या विक्रेत्याकडून बिल घेऊनच आणले. नानांनी एक बोल्ट कापून त्याची कठिणता तपासून घेतली, मगच बाकीचे लावले.

क्राउन सुमारे १०० अंशाला तापवला की पेटीवर अलगद बसतो. थंड असताना हातोडीनं ठोकून बसवलेला क्राउन कधीच सरळ फिरत नाही. धागे पक्के करणारा द्रव लावून बोल्ट आलटून पालटून समोरासमोर आवळले. डायल गेजवर डगमग बघितली. मग सगळ्यांत महत्त्वाचं : बोल्टची डोकी रिव्हेटपेक्षा उंच असतात, म्हणून डिफरन्शियल रिकाम्या हाउसिंगमध्ये बसवून हातानं पूर्ण फेरा फिरवून कुठं लागत नाही ना ते बघितलं. डोक्यांवर निळी शाई लावली होती, एकही डाग हाउसिंगला उमटला नाही.

मर्यादित-घसरणीचं डिफरन्शियल, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारं, टाकायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. १५० हॉर्सपॉवरच्या रस्त्यावरच्या गाडीला त्याची गरज नाही असं माझं मत. पैसे टायरवर घालावेत.

१२ मार्च

आउटपुट शाफ्ट जुळवला. नवं ३५ दाती चाक, डिझेलच्या रिंग, डिझेलचा पहिल्या-दुसऱ्याचा हब आणि त्याची स्लीव्ह. हब आणि स्लीव्ह जोडीनंच वापरायचे, एकीकडचा हब नि दुसरीकडची स्लीव्ह असं करायचं नाही. हब शाफ्टवर तापवून बसवला, रिंगच्या खाचा हबच्या चाव्यांशी जुळवून. खाच चुकली तर रिंग चिरडते आणि ते बाहेरून दिसत नाही. बसवल्यावर प्रत्येक रिंग बोटानं किंचित डावी-उजवी हलते की नाही हे बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही.

दुसऱ्याची फट आता मर्यादेच्या कितीतरी वर.

१९ मार्च

शिम. म्हणजे बेअरिंगला नेमका दाब मिळावा म्हणून घालायची पातळ चकती. बेअरिंग बदललं की जुनी शिम चालेल असं गृहीत धरायचं नाही. मापाची शिम घालून हाउसिंग आवळायचं, डायल गेज शाफ्टच्या टोकाला टेकवून वरखाली ढिलाई मोजायची, मोजण्याआधी शाफ्ट बरेच फेरे फिरवायचा म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग त्या ढिलाईत पुस्तकातला दाब मिळवून शिमची जाडी काढायची. आउटपुट शाफ्टला लागली ती जाडी बाजारात नव्हती. नानांच्या शेजारच्या सरफेस ग्राइंडरवर जाड शिम घासून घेतली, चार जागी मायक्रोमीटर लावून जाडी एकसारखी असल्याची खात्री केली.

बॉक्सचं आयुष्य इथं ठरतं. कमी दाब दिला तर दात एकमेकांपासून सरकतात आणि बॉक्स पुन्हा घोंघावतो, जास्त दिला तर बेअरिंग तापून जातं. घाईचं गिऱ्हाईक असेल तर हे काम घेऊच नये, कारण घाई करायचा मोह नेमका याच टप्प्यावर होतो.

२३ मार्च

पाचव्याचा निर्णय. डॉक्टर समृद्धी महामार्गावरून बरेच जातात, तिथं मर्यादा १२०. मूळ पाचव्यात त्या वेगाला इंजिन सुमारे ३४०० आरपीएमवर असतं. डिझेलची ३४:४५ जोडी टाकली तर ३१०० च्या आसपास येतं. बेरीज ७९ आहेच, हब नि फोर्क तेच, झाकणात जागा आहे. चौथ्यावरून पाचव्यात थोडी मोठी उडी पडते, पण १७५० पासून टॉर्क देणाऱ्या इंजिनाला ते जड जात नाही. फोनवर सगळं सांगितलं, होकार आला. नको वाटलं तर बॉक्स गाडीतून न उतरवता, गाडीचं चाक नि त्याच्या आतला पत्रा काढून पाचवा परत बदलता येतो, म्हणून या प्रयोगात धोका नाही.

हाउसिंग बंद केलं. जोडावर पातळ थर, बोल्ट आडवेतिडवे आवळले, पाचव्याचे बोल्ट नवे. टेबलावर सगळे गिअर हातानं पाडून बघितले.

३० मार्च

पाडवा. सकाळी गुढी उभारली, मग गॅरेजात गाडीला हार घालून चावी फिरवली. बॉक्स दोन दिवसांपूर्वी चढवला होता, तेल जीएल-४ ७५डब्ल्यू-९०, नव्या सीलसह. पोरानं दुसरा टाकला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा न्यूट्रल, पुन्हा दुसरा. गार इंजिन, खरखर नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मला त्या गिअरपेक्षा मोलाचा वाटला.

पन्हाळ्याला जाऊन आलो, सावकाश. नव्या रिंगला सुरुवातीचे काही शे किलोमीटर गिअर घाईनं बदलायचे नाहीत.

६ एप्रिल

आंबा घाट. चढावर दुसरा-तिसरा, उतारावर तिसऱ्यावरून दुसऱ्यात, हीच जुनी तक्रारीची जागा. अलगद पडतो. वळणात अॅक्सिलरेटर सोडून दाबला, 'टक्' नाही. सुट्या गतीत काच खाली करून ऐकलं, घोंघावणं नाही. परत आल्यावर तेल काढलं. पहिलं तेल रिंग बसण्याच्या पुडीसकट फेकून द्यायचंच असतं. चुंबकावर फक्त मऊ राखाडी लेप, बोटांत चोळला तर कण लागत नाही. नवं तेल भरून पातळी सपाट जागी बघितली.

१३ एप्रिल

काल जोतिबाची चैत्र यात्रा, शहरात गर्दी, म्हणून डॉक्टर आज आले. मुलगी बरोबर होती. तिला बसवून गिअर टाकायला लावले, क्लच कुठं पकडतो ते दाखवलं. जुना दुसरा गिअर, झिजलेली रिंग आणि सैल निघालेला रिव्हेट एका डब्यात घालून दिले. मूळ पाचव्याची ३६:४३ जोडी तेलाच्या फडक्यात गुंडाळून, वर कोड नि दातांचा आकडा लिहून वेगळी दिली. ती फेकू नका असं बजावलं. गिअरबॉक्सच्या कोडसकट सगळे दात, शिमची जाडी, बेअरिंगचे नंबर, तेलाची तारीख एका कागदावर लिहून तो गाडीच्या पुस्तकात ठेवला आहे.

डिझेल बॉक्समधलं उरलेलं : इनपुट शाफ्ट (९ नि १७ दातांचा), आउटपुट शाफ्ट (१८ दाती पिनियन), ६१ दाती क्राउन डिफरन्शियलसह, तिसऱ्या-चौथ्याचा हब, स्लीव्ह आणि रिंग, रिव्हर्सचा शाफ्ट, दोन्ही बाजूंची हाउसिंग, सिलेक्टरचा बुरूज. सगळं धुऊन, तेल लावून, चिठ्ठ्या चिकटवून वरच्या फळीवर आहे. साताऱ्याहून एका १.९ टीडीआय वाल्याचा काल फोन आला होता, त्याचा तिसरा सुटतोय. त्याला बॉक्सवरचा कोड आणि तिसऱ्याच्या दातांचा फोटो पाठवायला सांगितलंय. जुळलं तर हब नि स्लीव्ह मंगळवारी एसटीच्या पार्सलनं जाईल.